छापण्याआधी जरा दाखवाल?

न्यू जर्सीतल्या ज्या सरकारी हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलं ते दुसरं कुणी घेईना म्हणून. आधीचे अ‍ॅडव्हायझर निवृत्त झाले होते. स्टाफ मीटिंगमध्ये ‘आता कोण घेणार?’ असा प्रश्न येताच सगळे माना खाली घालून आपापल्या कॉफीत बघू लागले. मी नवीन होते, माझी मान वर होती. या कामाचा वेगळा भत्ता मिळतो, पण तासांचा हिशोब मांडला तर गावातल्या पिझ्झाच्या दुकानात संध्याकाळी काम करणारी आमचीच मुलं माझ्यापेक्षा जास्त कमावतात.

अंक टॅब्लॉइड आकाराचा, साध्या न्यूजप्रिंटवर. जाहिराती ऑर्थोडॉन्टिस्टच्या, एसएटीच्या क्लासच्या आणि त्याच पिझ्झावाल्याच्या. संपादक, बातमीदार, फोटो काढणारे सगळे चौदा ते अठरा वयातले. पानं लावायच्या संध्याकाळी आमच्या खोलीत जो गोंधळ असतो तो लग्नघरातही नसेल.

मी शिकले सातारा जिल्ह्यात. आमच्या शाळेत वार्षिक हस्तलिखित निघायचं. ज्याचं अक्षर चांगलं तो संपादक. सुरुवातीला मुख्याध्यापकांचं मनोगत, मग सुविचार, पावसावरच्या कविता, सहलीचं वर्णन, आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. साने गुरुजींनी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहून चालवलं, हे आम्हाला आवर्जून सांगितलं जायचं. पण त्यातून आम्ही घ्यायचा धडा बहुधा सुवाच्य अक्षराचा असावा. आमच्या हस्तलिखितातून बाईंनी कधी काही कापल्याचं मला आठवत नाही. कापण्यासारखं कुणी लिहीतच नव्हतं.

इथे पहिल्याच बैठकीत एका मुलाने विचारलं, “मिस, छापण्याआधी प्रिन्सिपलना दाखवावं लागतं का?” त्याचं उत्तर शोधण्यात माझी पहिली सुट्टी गेली.

उत्तराची सुरुवात मिसुरी राज्यात होते. सेंट लुइसजवळच्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलमध्ये ‘स्पेक्ट्रम’ नावाचा अंक निघत असे. मे १९८३ च्या अंकात एक लेख शाळेतल्या गरोदर मुलींबद्दल होता, एक आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो याबद्दल. छापखान्यात जाण्याआधी पानं प्रिन्सिपलकडे गेली. त्यांचे आक्षेप असे: मुलींची नावं बदललेली असली तरी त्या ओळखू येतील, संततिनियमनाचा उल्लेख लहान वर्गांतल्या मुलांच्या हाती जायला नको, आणि घटस्फोटाच्या लेखात एक मुलगी नाव देऊन वडिलांबद्दल तक्रार करते, पण वडिलांना बाजू मांडायची संधी दिलेली नाही. शाळेचं वर्ष संपत आलेलं, दुरुस्तीला वेळ नाही असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी ती दोन पानंच काढून टाकायला सांगितली. त्याच पानांवरचे ज्यांना कुणाची हरकत नव्हती तेही लेख त्यात गेले. सहा पानांचा अंक चार पानांचा झाला.

तीन विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. खाली हरल्या, वरच्या कोर्टात जिंकल्या, आणि जानेवारी १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन मतांनी पुन्हा हरल्या. कोर्टाने म्हटलं, शाळेच्या नावाने, शाळेच्या खर्चाने, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जे निघतं, त्यावर शैक्षणिक कारणासाठी शाळा नियंत्रण ठेवू शकते. याच कोर्टाने १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी पट्टी बांधून आलेल्या आयोवातल्या मुलांच्या बाजूने निकाल दिला होता. शाळेच्या दारात मुलांचे हक्क संपत नाहीत, असं तेव्हाचं सूत्र. ते सूत्र हेझलवूडने रद्द केलं नाही, पण शाळेच्या वर्तमानपत्रापुरतं ते बरंच आखडून गेलं.

हा निकाल मी दर सप्टेंबरला मुलांना वाचायला देते, आणि दरवेळी एका तपशिलापाशी थांबते. घटस्फोटाच्या लेखातलं त्या मुलीचं नाव अ‍ॅडव्हायझरने अंतिम मजकुरातून आधीच काढलेलं होतं. प्रिन्सिपलना ते माहीत नव्हतं. म्हणजे ज्या वाक्यावरून त्यांना वडिलांची काळजी वाटली, त्यातलं नाव छापलं जाणारच नव्हतं. कुणी कुणाला विचारलं नाही. मुलांना तर अंक हातात आल्यावर कळलं. माझं मत मी मुलांपासून लपवत नाही: त्या प्रिन्सिपलचे प्रश्न जवळजवळ सगळे रास्त होते. कुठल्याही चांगल्या वृत्तसंपादकाने तेच विचारले असते. पण वृत्तसंपादक प्रश्न बातमीदाराला विचारतो, आणि बातमीदार परत जाऊन वडिलांना फोन लावतो. इथे प्रश्न विचारणारा आणि कात्री चालवणारा एकच होता, आणि ज्यांनी लिहिलं त्या खोलीतच नव्हत्या.

त्यानंतर एकेका राज्याने आपापले कायदे करून मुलांना जास्त संरक्षण दिलं. कॅलिफोर्नियाचा तर १९७७ पासूनच आहे. कॅन्ससने १९९२ मध्ये केला. आमच्या न्यू जर्सीत आधी एक गमतीशीर खटला झाला. १९८९ मध्ये एका ज्युनियर हायस्कूलच्या आठवीतल्या मुलाने ‘मिसिसिपी बर्निंग’ आणि ‘रेन मॅन’ या सिनेमांची परीक्षणं लिहिली, ती शाळेने छापू दिली नाहीत. परीक्षणांत वावगं काहीच नव्हतं. सिनेमे ‘आर’ दर्जाचे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचे, एवढाच गुन्हा. १९९४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल मुलाच्या बाजूने दिला, कारण शाळेकडे धड धोरणच नव्हतं. तोवर तो आठवीतला मुलगा हायस्कूलही संपवायच्या वयाचा झाला असणार. पूर्ण कायदा यायला डिसेंबर २०२१ उजाडलं. तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांची त्यावर सही आहे. बदनामी, खासगी आयुष्यात घुसखोरी, शाळेचं काम बंद पाडणारं लेखन अशा गोष्टी सोडल्या तर काय छापायचं ते मुलं ठरवणार, आणि मुलांची बाजू घेतली म्हणून अ‍ॅडव्हायझरवर कारवाई करता येणार नाही.

कायदा आला तेव्हा मला वाटलं, चला, माझं निम्मं काम संपलं.

पुढे आमची राज्यघटनेची लढाई झाली ती संडासावरून. इथल्या शाळांत मुलं बाथरूममध्ये व्हेपिंग करतात, त्यावर उपाय म्हणून छताला धूर ओळखणारी यंत्रं बसवली जातात, आणि तरी जमलं नाही की बाथरूमला कुलूप. आमच्याकडे कुलपं वाढत गेली. दोन मुलींनी आठवडाभर प्रत्येक तासाच्या मधल्या सुट्टीत फिरून कुठलं दार उघडं, कुठलं बंद याची वहीत नोंद केली. जिमच्या दुसऱ्या टोकाला धावत जाऊन परत वर्गात पोचायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून पाहिलं. नर्सशी बोलल्या, कॅफेटेरियातल्या बायकांशी बोलल्या, पाळी आलेली असताना तिसऱ्या मजल्यावरून खाली धावावं लागलेल्या मैत्रिणींशी बोलल्या. वहीचं ते पान अजून आमच्या फळ्यावर टाचलेलं आहे: आडव्या ओळीत तास, उभ्या ओळीत मजले, आणि जांभळ्या शाईत फुल्याच फुल्या.

प्रिन्सिपलना प्रतिक्रियेसाठी विचारलं, त्याच संध्याकाळी मला त्यांची ईमेल आली. छापण्याआधी जरा दाखवाल का? अडवायचं नाही, फक्त माहिती बरोबर आहे ना एवढं बघतो.

माणूस चांगला आहे, आधी बेसबॉलचा कोच होता, मुलांची नावं त्याला पाठ असतात. त्यामुळेच अशी विनंती नाकारणं जड जातं. दाखवायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. हरकत अशी की मजकूर ज्याच्या टेबलावर जातो, त्याच्या हातात पेन्सिल असते. तो एखादाच शब्द बदलतो, तोही सौजन्याने. पुढच्या अंकाला मुलं तो शब्द आपणच लिहीत नाहीत. त्यापुढच्या अंकाला तो विषयच येत नाही. आणि हे सगळं घडतं कुणीही ‘नाही’ न म्हणता.

मी उत्तर लिहिलं की मजकूर मुलांचा आहे, तो मी पाठवू शकत नाही. पण संपादक आणि त्या दोघी तुम्हाला भेटायला येतील, ज्या ज्या गोष्टीत चूक असेल असं तुम्हाला वाटतं ती विचारतील आणि तुम्ही द्याल ते उत्तर छापतील. ते भेटले. मी गेले नाही. परत आले तेव्हा त्यांच्याकडे आधीपेक्षा चांगली बातमी होती. एक मुलगा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला होता आणि बराच वेळ कुणाला कळलं नव्हतं. लक्ष ठेवायला माणसं नव्हती, कारण त्या जागांचे पैसे स्कूल बोर्डाने कापले होते. कुलपांमागे हे कारण होतं. ते प्रिन्सिपलना जाहीरपणे सांगायचं होतं, पण तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

फोटोवरून मात्र आमच्यातच जुंपली. कुलूप लावलेल्या दारासमोर उभा एक मुलगा, पाठमोरा. चेहरा दिसत नव्हता, पण दप्तराला लटकवलेलं पिवळं बदक सगळ्या शाळेच्या ओळखीचं. मी विचारलं, त्याला विचारलंत का? नव्हतं विचारलं. विचारल्यावर तो नको म्हणाला, फोटो गेला. छायाचित्रकार दिवसभर माझ्याशी बोलला नाही. ही सेन्सॉरशिप नाही तर काय, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. फोटो काढला तो त्या मुलाच्या सोयीसाठी, शाळेच्या नव्हे, आणि निर्णय संपादक मंडळाने घेतला. पण त्याच्या जागी मी असते तर मीही भांडले असते.

मग स्कूल डिस्ट्रिक्टच्या वकिलाचं पत्र आलं. लेखासोबत मुलांनी तिन्ही मजल्यांचा नकाशा काढला होता, उघडी बाथरूम हिरवी, बंद असलेली लाल. इमारतीचा नकाशा छापणं सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं आहे, असं पत्रात होतं. अमेरिकेत शाळेत गोळीबाराच्या बातम्या ऐकत मोठी झालेली ही मुलं. वर्षातून कितीतरी वेळा ती दिवे मालवून, दाराला कडी लावून, भिंतीला टेकून चिडीचूप बसायचा सराव करतात. ‘सुरक्षा’ म्हटलं की इथे वाद थांबतो. एका मुलीने वर्गाबाहेर जाऊन भिंतीवरचा, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते दाखवणारा नकाशा मोबाइलवर टिपून आणला. सगळ्या कॉरिडॉरमध्ये लावलेला, कुणीही बघावा असा. तरी शेवटी संपादकांनी नकाशा काढून साधा तक्ता घातला. नकाशा छापायला हवा होता असं मला आजही वाटतं. पण अंक त्यांचा.

बातमी आली. दोन बाथरूम उघडली गेली. कुणी रागावलं नाही. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात पत्रकारिता हा विषय नव्हता. पुरेशा मुलांनी नाव नोंदवलं नाही असं कारण. ते खरंही असेल, कारण तोच तास कॉम्प्युटर सायन्सच्या एपीला, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या वर्गाला, दिला होता, आणि आमच्याकडच्या कुठल्या पालकाने मुलाला एपी सोडून पत्रकारिता घ्यायला सांगितलंय? बातमीचा आणि वेळापत्रकाचा संबंध होता असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. कायदा अ‍ॅडव्हायझरला वाचवतो. वेळापत्रकाचा कोरा चौकोन त्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हापासून आम्ही शाळा सुटल्यावर क्लब म्हणून अंक काढतो.

उघड बंदी फार क्वचित येते, आणि आली की निदान तिच्याशी भांडता तरी येतं. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्वेनियात नेशॅमिनी हायस्कूलच्या मुलांनी २०१३ मध्ये ठरवलं की शाळेच्या संघाचं ‘रेडस्किन्स’ हे नाव मूळ निवासींचा अपमान करणारं आहे, आपण ते छापायचं नाही. तिथे भांडण उलटं झालं: छापलंच पाहिजे, असं बोर्डाचं म्हणणं. २०१४ मध्ये अ‍ॅडव्हायझर दोन दिवस बिनपगारी निलंबित, मुख्य संपादक महिनाभर पदावरून दूर. पण देशभर बातम्या झाल्या, मुलांना वकील मिळाले. कॅन्ससच्या पिट्सबर्ग हायस्कूलमध्ये तर २०१७ मध्ये मुलांनी नव्याने नेमलेल्या प्रिन्सिपलच्या पदव्या तपासल्या, त्या देणाऱ्या विद्यापीठाचाच ठावठिकाणा लागेना, आणि रुजू होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. तिथे मुलांना कुणी अडवलं नव्हतं. ही गोष्ट सांगितली की आमची मुलं पेटतात. एका वर्षी त्यांनी माझी पुणे विद्यापीठाची एम.ए. खरी आहे का, हेही विचारलं. मी प्रमाणपत्र आणून दाखवलं. मराठी शिक्का बघून सगळे खूश.

यातलं काहीच ज्याला लागू पडत नाही असा फोन मला २०२५ च्या वसंतात आला.

“मॅडम, मराठीत बोललो तर चालेल ना?”

एका संपादिकेचे बाबा. तिने येत्या अंकासाठी स्वतःबद्दल लेख लिहिला होता. वडील नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, ती त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ वर. पाचव्या वर्षी इथे आली. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर लागता लागता ती एकवीस वर्षांची होईल आणि त्या दिवशी आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळेल. तोवर तिला मैत्रिणींसारखी पिझ्झाच्या दुकानात नोकरीही करता येत नाही. एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगी नसते. लेख चिडून लिहिलेला नव्हता. मला वाटतं आमच्या अंकात आजवर आलेल्या लेखनात तो सगळ्यात नेटका होता. त्याची सुरुवात दुकानाच्या काचेवर लावलेल्या ‘माणसं हवीत’ या पाटीपासून होती.

“लेख छान आहे हो,” ते म्हणाले. “मी वाचला, हिच्या आईने वाचला. फक्त तिचं नाव काढता येईल का?”

मी म्हटलं, निनावी लेख घ्यायचा का ते संपादक मंडळ ठरवतं, आणि नाव द्यायचं की नाही ते तीच ठरवेल.

“ताई, तुम्हीही याच वाटेने आलात ना? तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतोय.”

माहीत होतं. त्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की संशोधक विद्यार्थिनीला साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यात धरून नेलं होतं. वर्षभरापूर्वी विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात इतरांबरोबर लिहिलेल्या एका लेखावर तिचं नाव होतं. मे महिन्यात कोर्टाने तिला सोडलं, पण मधल्या आठवड्यांत देशभरातल्या विद्यार्थी वर्तमानपत्रांना जुन्या लेखांवरचं नाव काढा, लेखच काढा, अशा विनंत्या येत होत्या. विद्यार्थी पत्रकारांना कायद्याची मदत करणाऱ्या, १९७४ पासून चालू असलेल्या स्टुडंट प्रेस लॉ सेंटरने तेव्हा संपादकांना सांगितलं की अशा विनंत्यांबद्दलचे आपले नेहमीचे कडक नियम पुन्हा तपासा. ज्या संस्थेने आयुष्यभर ‘छापा’ म्हटलं, तिलाच आता वेगळी काळजी घ्यायला सांगावं लागत होतं.

मंडळ निनावी छापायला तयार झालं. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली आणि लेख मागे घेते म्हणाली. “माझाच निर्णय आहे, मिस.” रात्री जेवताना घेतलेला निर्णय कुणाचा असतो, हे मी तिला विचारलं नाही. निनावी लेखालाही अर्थ नव्हता; पाचव्या वर्षी आलेली, पिझ्झाच्या दुकानाजवळ राहणारी, लिहिणारी भारतीय मुलगी आमच्या शाळेत कोण, हे सगळ्यांना कळलं असतं. हेझलवूडच्या प्रिन्सिपलची पहिली शंका तीच होती. त्या जागी आम्ही शाळेच्या म्युझिकलचं परीक्षण छापलं.

त्या बाबांवर मला राग येत नाही. आपल्या लोकांत ‘नाव छापू नका’ हा फोन नवा नाही. आधी तो कॉलेजच्या अर्जासाठी यायचा, आता व्हिसासाठी येतो. आधीच्या फोनवर मी वाद घालायचे. या फोनवर घालत नाही. पण विषय ठरवायच्या बैठकीत मी आता हात वर करणाऱ्यांपेक्षा न करणाऱ्यांकडे जास्त बघते. त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचून दाखवत नाहीत. विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. ज्याच्यावर कुणी कात्री चालवलेलीच नाही, तो लेख परत कुठून मिळवायचा, याचं कलम कुठल्याच राज्याच्या कायद्यात मला सापडलेलं नाही.

एवढ्यात मुलांनी नवा विषय काढलाय. फुटबॉलच्या मैदानावर कृत्रिम गवत घालायचा करार बोर्डाने केला, त्याच वर्षी वाचनालयातली एक जागा रद्द झाली. कराराची प्रत मागायला त्यांनी राज्याच्या माहिती कायद्याखाली अर्ज टाकला. अर्ज कसा लिहायचा ते दहावीतल्या एका मुलाने शोधून काढलं; मी फक्त स्पेलिंग बघितलं. कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं. सातव्या दिवशी दुपारी उत्तर आलं: मुदतवाढ हवी आहे. मुलं नाराज झाली, तर संपादिका म्हणाली की मुदतवाढ मागितली हीसुद्धा बातमीच आहे, आणि पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात तिच्यासाठी जागा सोडून ठेवली.